धर्मश्रद्धा, आत्मपरीक्षण आणि वर्णन्याय : बायर्स नोडे यांची वाटचाल



गुरुवर्यांच्या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मी याच शाळेचा विद्यार्थी आणि पुढे आयुष्यभर इतिहासाचा शिक्षक. त्यामुळे विषय निवडताना मी इतिहासाच्या बाहेर गेलो नाही. देश मात्र दूरचा निवडला. दक्षिण आफ्रिकेतील एका गोऱ्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे चरित्र मी आज आपणांपुढे मांडणार आहे. त्यांचे नाव ख्रिस्तियान फ्रेडरिक बायर्स नोडे. नेल्सन मंडेला आणि आर्चबिशप डेझमंड टुटू ही नावे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही परिचित आहेत. नोडे यांचे नाव मराठीत क्वचितच उच्चारले जाते.

सीमाभागातल्या एका मराठी शाळेत हा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. नोडे ज्या समाजात जन्मले तो आफ्रिकानर समाज स्वतः पराभव आणि अन्याय भोगलेला होता. स्वभाषेसाठी तो झगडला होता, पदरमोड करून त्याने स्वतःच्या शाळा उभारल्या होत्या. पुढे याच समाजाने विसाव्या शतकातील एक अत्यंत काटेकोर आणि निर्दय अशी वर्णभेदाची राज्ययंत्रणा उभी केली, आणि तिला बायबलचा आधार दिला. सोसलेल्या अन्यायाची स्मृती माणसाला आपोआप न्यायी बनवत नाही. तिला आत्मपरीक्षणाची जोड मिळाली तरच ती दुसऱ्याच्या दुःखापर्यंत पोहोचते. नोडे यांच्या आयुष्यातून मला एवढेच दाखवावयाचे आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून भाषेचे शल्य उराशी बाळगून जगणाऱ्या आपणांस हा प्रश्न परका वाटू नये.

पराभूतांचे घर

१८९९ ते १९०२ या काळात ब्रिटिश साम्राज्य आणि दक्षिण आफ्रिकेतील बोअर प्रजासत्ताके यांच्यात युद्ध झाले. डच, जर्मन आणि फ्रेंच वंशाच्या वसाहतकऱ्यांचे हे वंशज. त्यांची गनिमी लढाई मोडून काढण्यासाठी ब्रिटिश सेनापतींनी त्यांची शेते-घरे जाळली आणि बायका-मुलांना छावण्यांत कोंडले. या छावण्यांत रोगराईने आणि उपासमारीने सुमारे २८ हजार बोअर मृत्युमुखी पडले. त्यांतली बहुसंख्य मुले होती. कृष्णवर्णीय आफ्रिकनांसाठी वेगळ्या छावण्या होत्या. तेथेही किमान १४ हजार माणसे मेली. बोअरांनी आपल्या मृतांची स्मारके उभारली, त्यांच्यासाठी प्रार्थना केल्या, मुलांना त्यांच्या कथा सांगितल्या. शेजारच्या छावणीतले मृत मात्र त्यांच्या स्मरणात कोठेच नव्हते. पुढच्या इतिहासाचे बीज मला येथेच दिसते.

युद्धानंतर लॉर्ड मिल्नर यांच्या कारकिर्दीत शाळांतून इंग्रजी लादण्याचे धोरण आले. त्याला उत्तर म्हणून बोअर समाजाने स्वभाषेचा कैवार घेतला. केपमध्ये डच भाषेतून घडत गेलेली आफ्रिकान्स ही बोली तोवर ‘स्वयंपाकघरातली भाषा’ म्हणून हिणवली जात असे. ती साहित्याची, शिक्षणाची आणि धर्माची भाषा व्हावी यासाठी शिक्षक, कवी आणि धर्मोपदेशक राबले. १९२५ मध्ये ती राजभाषा झाली आणि १९३३ मध्ये संपूर्ण बायबल तिच्यात प्रसिद्ध झाले.

बायर्स यांचे वडील योझुआ नोडे हे या पिढीचे प्रतिनिधी. युद्धात ते जनरल बायर्स यांच्या हाताखाली होते, आणि १९०२ च्या तहाला अखेरपर्यंत विरोध करणाऱ्या मोजक्या प्रतिनिधींत त्यांची गणना होते. पुढे ते डच रिफॉर्म्ड चर्चचे धर्मोपदेशक झाले. १९१८ मध्ये आफ्रिकानर समाजाच्या उत्कर्षासाठी ‘ब्रूडरबोंड’, म्हणजे बंधुसंघ, स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांत ते होते. १० मे १९१५ रोजी रूडेपोर्ट येथे त्यांना मुलगा झाला, तेव्हा आपल्या दिवंगत सेनापतीचे नाव त्यांनी त्याला दिले. ग्राफ-रेनेट या गावी आफ्रिकान्स माध्यमाच्या शाळेत हा मुलगा शिकला. घरात धर्म, भाषा आणि राष्ट्र ही तीन नावे एकाच श्वासात घेतली जात. त्यांतले एक दुसऱ्यापासून वेगळे काढता येते, हे त्याच्या कानावर कधी पडलेच नसावे.

येथे थोडे थांबून एक गोष्ट नमूद करतो. बोअर नेते सत्तेत आले त्या सुमारास, १९१२ मध्ये, आपले नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेस गेले होते. हिंदी मजुरांवरील ३ पौंडांचा जाचक कर रद्द व्हावा म्हणून प्रिटोरियात त्यांनी जनरल बोथा आणि जनरल स्मट्स यांची भेट घेतली. हे दोघेही बोअर युद्धातले सेनानी. स्वातंत्र्यासाठी साम्राज्याशी झुंजलेल्या या पुरुषांना हिंदी मजुराची वा आफ्रिकन शेतकऱ्याची स्वातंत्र्याकांक्षा कळावयास हवी होती. ती कळली नाही. दुसऱ्याच वर्षी, १९१३ मध्ये, जमिनीचा कायदा करून त्यांच्या सरकारने बहुसंख्य आफ्रिकनांना देशाच्या फार थोड्या भूमीपुरते जखडून टाकले.

धर्माने दिलेला आधार

आता चर्चकडे वळू. डच रिफॉर्म्ड चर्चच्या केपमधील धर्मसभेपुढे १८२९ मध्ये प्रश्न आला, की प्रभुभोजनाच्या विधीस गोऱ्यांनी आणि इतरांनी एकत्र बसावे काय? तेव्हा सभेने एकत्रच बसावे असे सांगितले. पंक्तिभेद ख्रिस्ताच्या शिकवणीशी विसंगत ठरविला. २८ वर्षांनंतर, १८५७ मध्ये, त्याच चर्चच्या धर्मसभेने ‘काहींच्या दुर्बलतेस्तव’ वेगळ्या उपासनेस मुभा दिली. तत्त्व म्हणून एकत्र उपासनाच इष्ट, असेही त्या ठरावात होते. म्हणजे आरंभी ही केवळ एक सवलत होती, आणि तीही गोऱ्यांच्या दुर्बलतेला दिलेली. १८८१ मध्ये अश्वेतांसाठी निराळे मिशन चर्च स्थापन झाले. पुढच्या दोन पिढ्यांत या सवलतीची रूढी झाली आणि रूढीचा सिद्धान्त झाला. बाबेलच्या बुरुजाच्या कथेत देवानेच भाषा वेगळ्या केल्या, म्हणून जमाती वेगळ्या राहाव्यात ही ईश्वरी इच्छा होय, असे विद्वान धर्मपंडित सांगू लागले.

आपल्याला हे ऐकून नवल वाटू नये. पंक्तिभेदाला शास्त्राधार शोधणारी बुद्धी आपल्या परंपरेतही भरपूर राबली आहे. सवलतीतून रूढी आणि रूढीतून धर्म हा प्रवास आपल्या परिचयाचा आहे.

१९४८ मध्ये नॅशनल पार्टी निवडून आली आणि पूर्वाश्रमीचे धर्मोपदेशक डॉ. डी. एफ. मलान पंतप्रधान झाले. १९४९ मध्ये मिश्रविवाहबंदी, १९५० मध्ये लोकसंख्येची वर्णवार नोंदणी आणि वर्णवार वस्त्यांचा कायदा, १९५३ मध्ये आफ्रिकन मुलांसाठी निराळ्या आणि निकृष्ट शिक्षणाचा कायदा असे एकामागून एक पाश आवळले गेले. चर्चने त्यांना आशीर्वाद दिला. त्यांपैकी काहींची मागणीच मुळी चर्चने केलेली होती.

तेवीस वर्षांचा प्रवास

या व्यवस्थेत तरुण बायर्स नोडे यांचे स्थान कोणते होते? स्टेलेनबॉश विद्यापीठात ते शिकले. तेथे त्यांना समाजशास्त्र शिकविणारे प्राध्यापक हेंड्रिक फेरवूर्ट पुढे वर्णभेदाचे प्रमुख शिल्पकार आणि पंतप्रधान झाले. १९३९ मध्ये नोडे यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १९४० मध्ये, पंचविशीत, त्यांना ब्रूडरबोंडचे सदस्यत्व मिळाले. ही संस्था गुप्त होती. मंत्री, कुलगुरू, मुख्याध्यापक, धर्मोपदेशक, बँकांचे अधिकारी असे निवडक पुरुष तिचे सदस्य असत, आणि देशातील महत्त्वाच्या पदांवर कोण येणार याचा विचार तिच्या बैठकींतून होई. नोडे यांचा उत्कर्ष निश्चित होता. त्यांना पुढे चर्चचे सर्वोच्च पद मिळेल, असे लोक उघड बोलत.

त्यांचे परिवर्तन एका रात्रीत झाले नाही, हे मला मुद्दाम सांगावयाचे आहे. ब्रूडरबोंडमध्ये प्रवेश केल्यापासून तो सोडेपर्यंत तेवीस वर्षे गेली. त्या काळात निरनिराळ्या दिशांनी प्रश्न त्यांच्यापर्यंत येत राहिले. त्यांची पत्नी इल्झे ही एका मोरावियन मिशनऱ्याची कन्या. या मिशनची परंपरा गोऱ्यांच्या चर्चहून वेगळी होती. १९५३ मध्ये युवककार्याच्या अभ्यासासाठी ते युरोप-अमेरिकेत गेले, तेव्हा तिकडील ख्रिस्ती बांधवांनी आपल्या देशाच्या धोरणाविषयी विचारलेल्या प्रश्नांना त्यांना समाधानकारक उत्तरे देता येईनात. त्याच दशकात बेन माराइस आणि बी. बी. केट या त्यांच्याच चर्चमधील दोन धर्मशास्त्रज्ञांनी वर्णभेदाला बायबलचा आधार नाही, असे ग्रंथरूपाने मांडले. नोडे यांनी ते वाचले आणि स्वतः बायबल पुन्हा काळजीपूर्वक अभ्यासावयास घेतले. निष्कर्ष आधी ठरवून आधार शोधण्याऐवजी, आधार आधी तपासून निष्कर्ष काढावयाचा, असा हा उलटा प्रवास होता.

परंतु केवळ वाचनाने हे घडले नसते. अश्वेतांच्या मिशन चर्चमध्ये काम करणारे काही तरुण गोरे धर्मोपदेशक त्यांच्याकडे आले आणि म्हणाले, की आम्ही काय पाहतो ते एकदा येऊन पाहा. नोडे गेले. खाणमजुरांच्या कोठड्या, ओळखपत्राच्या कायद्याने फुटलेली कुटुंबे, वस्त्यांतली हलाखी त्यांनी स्वतः पाहिली. ज्या देशात ते चाळीस वर्षे राहत होते, त्या देशाचे हे दर्शन त्यांना प्रथमच घडत होते. वेगळेपणाच्या व्यवस्थेचे खरे यश यातच असते. ती अन्याय करते, आणि अन्याय करणाऱ्याच्या दृष्टीआड तो ठेवते.

कॉट्सलो

२१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे ओळखपत्राच्या सक्तीविरुद्ध जमलेल्या निःशस्त्र जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. ६९ माणसे ठार झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जागतिक चर्च परिषदेने जोहान्सबर्गच्या कॉट्सलो उपनगरात दक्षिण आफ्रिकेतील आपल्या सदस्य चर्चांची सभा बोलावली. गोरे आणि कृष्णवर्णीय प्रतिनिधी आठवडाभर एकत्र राहिले, एकत्र जेवले, एकत्र प्रार्थना करीत राहिले. त्या देशात तेव्हा एवढे घडणेही विरळा होते. सभेने निवेदन काढले. वर्णाच्या कारणावरून कोणासही कोणत्याही चर्चमधून वगळता येणार नाही, मिश्रविवाहाच्या बंदीला पवित्र शास्त्राचा आधार नाही, माणूस जेथे राहतो तेथे जमीन बाळगण्याचा त्याला हक्क आहे, असा त्याचा आशय होता. आज ही विधाने सौम्य वाटतात. त्या वेळी त्यांनी राज्य हादरले.

पंतप्रधान फेरवूर्ट यांनी उघड नापसंती दर्शविली. ब्रूडरबोंडने आपले वजन वापरले. १९६१ मध्ये डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मसभांनी आपल्याच प्रतिनिधींनी मान्य केलेले निवेदन फेटाळले आणि जागतिक परिषदेतून ते बाहेर पडले. आपली संमती मागे घ्यावी म्हणून नोडे यांच्यावरही दडपण आले. त्यांनी ती मागे घेतली नाही.

यानंतर त्यांनी ‘प्रो व्हेरिटाटे’, म्हणजे ‘सत्यासाठी’, या नावाचे मासिक १९६२ मध्ये सुरू केले. ऑगस्ट १९६३ मध्ये सर्व वर्णांच्या आणि पंथांच्या ख्रिस्ती लोकांना एकत्र आणणारी ‘ख्रिश्चन इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली. त्याच वर्षी ते दक्षिण ट्रान्सवालच्या धर्मसभेचे अध्यक्ष निवडले गेले होते. एका बाजूस चर्चमधील मान आणि दुसऱ्या बाजूस सदसद्विवेक अशी निवड आता टाळता येण्याजोगी नव्हती. इन्स्टिट्यूटचे संचालकपद पत्करल्यास धर्मोपदेशकाचा दर्जा जाईल, असे चर्चने त्यांना कळविले.

२२ सप्टेंबर १९६३ रोजी जोहान्सबर्गच्या आसफोएलकॉप येथील आपल्या मंडळीपुढे त्यांनी प्रवचन केले. मजकूर ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातला होता. सत्ताधाऱ्यांनी मनाई केली असता पेत्र आणि इतर प्रेषितांनी माणसांपेक्षा देवाची आज्ञा श्रेष्ठ मानली, तो प्रसंग. समोर बसलेला श्रोतृवर्ग सुशिक्षित, सुस्थित आणि सत्तेच्या निकटचा होता. नोडे यांनी त्यांना सांगितले, की आपण इन्स्टिट्यूटचे काम स्वीकारत आहोत. ज्या व्यासपीठावरून ते बोलत होते, ते त्या निर्णयानेच त्यांच्या पायाखालून जाणार होते. त्याच वर्षी त्यांनी ब्रूडरबोंडही सोडला. वडिलांनी स्थापिलेली संस्था सोडताना पुत्राच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

आपल्याच माणसांची अवकृपा

परक्याने मारलेला दगड लागतो, पण तो अपेक्षित असतो. आपल्या माणसांनी फिरविलेली पाठ सोसणे अधिक अवघड. नोडे यांना स्वजनांनी द्रोही ठरविले. जुने मित्र रस्त्यात ओळख देईनासे झाले. ते आणि त्यांचे कुटुंब ज्या भाषेत प्रार्थना करीत होते, त्याच भाषेत त्यांच्यावर शिव्यांचा वर्षाव होत होता. तरीही ते इंग्रज उदारमतवाद्यांच्या छावणीत जाऊन सुखाने राहिले नाहीत. मी आफ्रिकानरच आहे, आफ्रिकान्समध्येच बोलेन, आणि आपल्या लोकांशी बोलणे थांबविणार नाही, अशीच त्यांची वृत्ती राहिली.

१९७० नंतर त्यांच्या आयुष्यात दुसरे वळण आले, आणि माझ्या मते ते पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. स्टीव्ह बिको आणि त्यांच्या पिढीचे कृष्णवर्णीय युवक म्हणू लागले, की आमच्या वतीने बोलणारे भले गोरे आम्हास नकोत. आम्ही आमचे बोलू. अनेक सज्जन गोऱ्यांना हे शब्द झोंबले. नोडे यांनी ते ऐकून घेतले. कृष्णवर्णीय ईश्वरशास्त्राच्या आणि आत्मभानाच्या चळवळीला ख्रिश्चन इन्स्टिट्यूटने पाठबळ दिले, आणि नेतृत्व आपल्या हाती असावे हा हट्ट सोडला. सत्तेचा त्याग करणे एक वेळ सोपे असते. उपकारकर्त्याची भूमिका सोडणे त्याहून कठीण.

येथे एक आक्षेप मला दिसतो, आणि तो टाळणे योग्य होणार नाही. दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्ती श्रद्धेच्या बळावर वर्णन्यायासाठी लढणारे नोडे हे काही पहिले नव्हेत. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची स्थापना १९१२ मध्ये ब्लूमफाँटेन येथे झाली, तिच्या आद्य पुरस्कर्त्यांत जॉन डुबे यांच्यासारखे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. तिचे पुढील अध्यक्ष अल्बर्ट लुथुली हे निष्ठावान ख्रिस्ती. १९५२ मध्ये सरकारने त्यांना आपल्या जमातीच्या प्रमुखपदावरून दूर केले, तेव्हा स्वातंत्र्याची वाट क्रूसावरूनच जाते, अशा आशयाचे निवेदन त्यांनी दिले. आणि १९६० चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना लाभले. मग एका उशिरा जागे झालेल्या गोऱ्या माणसाचे एवढे कौतुक कशासाठी?

आक्षेप खरा आहे. लढा ज्यांनी लढला, तो त्यांचाच. नोडे यांचे महत्त्व मी निराळ्या कारणाने मानतो. अन्याय सोसणाऱ्याला न्यायाची गरज समजावून सांगावी लागत नाही. अन्यायाचा लाभ ज्याच्या घरात येतो, त्याच्या मनात ती गरज कशी उत्पन्न व्हावी, हा इतिहासातला अवघड प्रश्न आहे, आणि त्याचे एक जिवंत उत्तर नोडे यांच्या रूपाने आपल्यापुढे आहे. आपल्यापैकी प्रत्येक जण कोठे ना कोठे अशा एखाद्या घरात राहतोच.

भाषेचा दैवदुर्विलास

भाषाभिमानी माणसाने जपून वाचावी अशी एक घटना १९७६ मध्ये घडली. आफ्रिकन मुलांच्या शाळांतून निम्मे विषय आफ्रिकान्स माध्यमातून शिकविण्याची सक्ती १९७४ च्या आदेशाने आली होती. ना मुलांना ती भाषा येत होती, ना अनेक शिक्षकांना. १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील हजारो विद्यार्थी या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. लहान लहान मुले बळी पडली आणि देशभर वणवा पेटला.

ज्यांच्या आजोबांना शाळेत मातृभाषेवरून अपमान सोसावा लागला होता, त्यांनीच दुसऱ्यांच्या मुलांवर आपली भाषा बंदुकीच्या धाकाने लादली. त्यात अधिक खेदाची गोष्ट अशी, की आफ्रिकान्स ही मुळात केवळ गोऱ्यांची भाषाच नव्हे. केपमध्ये डच मालकांनी भारतातून, इंडोनेशियाच्या बेटांतून आणि आफ्रिकेच्या इतर भागांतून आणलेले गुलाम, तसेच तेथील मूळचे खोइखोइ लोक यांच्या जिभेवरही ती घडली. एकोणिसाव्या शतकात केपच्या मुसलमानांनी अरबी लिपीत आफ्रिकान्स धर्मग्रंथ लिहिले. गुलामांचा ज्या भाषेच्या घडणीत वाटा होता, तिच्या नावाने गुलामांच्या वंशजांना दूर लोटले गेले.

१९७७ च्या सप्टेंबरात बिको यांचा पोलिसांच्या कोठडीत झालेल्या मारहाणीने मृत्यू झाला. १९ ऑक्टोबर रोजी सरकारने ख्रिश्चन इन्स्टिट्यूटसह अनेक संघटनांवर बंदी घातली, आणि नोडे यांच्यावर व्यक्तिशः निर्बंध आले. त्यापूर्वी एका चौकशी मंडळापुढे साक्ष देण्यास नकार दिल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली होती; दंड भरण्याऐवजी त्यांनी तुरुंग पत्करला, आणि तेथे एक रात्र काढली. आता तर सात वर्षे एका वेळी एकाहून अधिक माणसांशी बोलणे नाही, सभा नाही, लेखन नाही, त्यांचे शब्द कोणी छापणे नाही. ज्याचे आयुष्य व्यासपीठावर गेले, त्याच्यावर हे मौन लादले गेले. माणसे एकेकट्याने येत. कोणी पाद्री, कोणी विद्यार्थी, कोणी भूमिगत कार्यकर्ता. नोडे प्रत्येकाचे ऐकून घेत.

१९८० मध्ये त्यांनी गोऱ्यांचे चर्च कायमचे सोडले आणि त्याच्याच कृष्णवर्णीय शाखेत प्रवेश केला. अलेक्झांड्रा या गरीब वस्तीतल्या मंडळीत ते उपासनेस बसू लागले. १८५७ मध्ये ‘काहींच्या दुर्बलतेस्तव’ जी पंगत मोडली होती, ती सव्वाशे वर्षांनी एका माणसाने आपल्यापुरती पुन्हा जोडली.

उशिरा आलेली क्षमायाचना

१९८४ मध्ये निर्बंध उठले. १९८५ मध्ये टुटू यांच्यानंतर नोडे दक्षिण आफ्रिकेतील चर्चांच्या परिषदेचे सरचिटणीस झाले आणि १९८७ पर्यंत त्या पदावर राहिले. चर्चमध्येही आता पाझर फुटू लागला होता. मिश्रवर्णीयांच्या मिशन चर्चने १९८२ मध्ये बेल्हार येथे वर्णभेदाविरुद्ध श्रद्धेची घोषणा तयार केली. १९८६ मध्ये ती अधिकृतपणे स्वीकारली गेली. नोव्हेंबर १९९० मध्ये रुस्टेनबर्ग येथील परिषदेत स्टेलेनबॉशचे प्राध्यापक विली योंकर यांनी स्वतःच्या आणि आपल्या चर्चच्या वतीने वर्णभेदाच्या पापाची जाहीर कबुली दिली. त्याच वर्षी सरकार आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेस यांच्यात पहिली औपचारिक बोलणी झाली, तेव्हा काँग्रेसच्या शिष्टमंडळात बायर्स नोडे बसले होते. १९९४ मध्ये मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. त्या वर्षीच्या महाधर्मसभेत डच रिफॉर्म्ड चर्चने नोडे यांचे स्वागत केले आणि त्यांची क्षमा मागितली. ते तेव्हा ७९ वर्षांचे होते.

७ सप्टेंबर २००४ रोजी जोहान्सबर्ग येथे त्यांचे निधन झाले. सरकारी इतमामाने त्यांचा अंत्यविधी झाला तो आसफोएलकॉपच्या चर्चमध्ये. ४१ वर्षांपूर्वी जेथून त्यांना बाहेर पडावे लागले, तेथेच. त्यांची रक्षा अलेक्झांड्रा वस्तीत विखुरली गेली. जोहान्सबर्गच्या ज्या हमरस्त्याला डी. एफ. मलान यांचे नाव होते, त्याला २००१ पासूनच नोडे यांचे नाव आहे.

आणि आफ्रिकान्सचे काय झाले? वर्णभेद गेला तर आपली भाषा आणि संस्कृती लयास जाईल, अशी भीती आफ्रिकानर नेते पिढ्यान्‌पिढ्या घालत होते. १९९६ च्या राज्यघटनेने ११ भाषांना राजभाषेचा दर्जा दिला. त्यांत आफ्रिकान्स आहे. आज ती मातृभाषा म्हणून बोलणाऱ्यांत गोऱ्यांपेक्षा इतरांचीच संख्या अधिक आहे. तिचे राजकीय वर्चस्व संपले, पण ती भाषा जिवंत आहे. तिच्यातली कविता आजही लिहिली जाते आणि तिच्यातून प्रार्थना आजही होते.

आपल्यासाठी

मित्रहो, इतिहासाचा शिक्षक उपदेशाच्या वाटेस लागला की त्याला थांबवावे, असे आमचे गुरुजी म्हणत. म्हणून मी दोनच गोष्टी सांगून थांबतो.

पहिली गोष्ट श्रद्धेविषयी. नोडे आणि त्यांचे विरोधक एकच बायबल वाचत होते, एकाच देवाची प्रार्थना करीत होते. विरोधकांनी धर्माकडे आपल्या जीवनक्रमाचे समर्थन मागितले. नोडे यांनी त्याच धर्माला आपल्या जीवनक्रमाची झडती घेऊ दिली. ख्रिस्ती असो, हिंदू असो वा मुसलमान, प्रत्येक श्रद्धावंताला या दोन वाटा खुल्या असतात. पंढरीच्या वाळवंटातील समतेचा आपण अभिमान बाळगतो. गावी परतल्यावर ती कोणत्या आळीच्या वेशीपर्यंत टिकते, हे तपासण्याचे काम त्या अभिमानाने आपल्यासाठी केलेले नसते.

दुसरी गोष्ट भाषेविषयी. या शाळेने मराठी टिकविली. वर्गणी काढून खोल्या बांधणारे, पगार मिळो न मिळो शिकविणारे लोक आपण पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयीची कृतज्ञता माझ्या मनात कधीही उणावणार नाही. आपल्यावर झालेल्या अन्यायाची दाद मागण्याचा हक्कही आपण सोडण्याचे कारण नाही. नोडे यांनीही आपली भाषा सोडली नव्हती. परंतु बोअरांची छावणी आणि तिच्या शेजारची विस्मृत छावणी, ही दोन्ही चित्रे आपण मनात एकत्र ठेवली पाहिजेत. आपल्या शेजारचा कन्नड भाषक कष्टकरी, आपल्याच भाषेत बोलणारा पण गावकुसाबाहेर ठेवला गेलेला दलित बांधव, उर्दू शाळेत जाणारे मूल यांच्या दुःखाला आपल्या स्मृतीत जागा आहे काय? आपल्या मराठीपणाची कसोटी या प्रश्नाच्या उत्तरावर लागणार आहे, आणि ती परक्याने घेण्यापूर्वी आपणच घेतलेली बरी.